उपकेंद्र बांधून झालं, उघडायला तीन वर्षं लागली

आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची नवी बिल्डिंग मार्च २०२२ मध्ये रंगवून तयार झाली आणि तिथं पहिला पेशंट तपासला गेला फेब्रुवारी २०२५ मध्ये. मधली जवळपास तीन वर्षं दाराला कुलूप. त्यातलं शेवटचं एक वर्ष मी स्वतः त्याच्या मागं लागले होते, म्हणून आठवतंय तोवर सगळं लिहून काढतेय, कारण आजूबाजूच्या गावातल्या बायका विचारतात की ताई तुम्ही अर्ज कुठं दिला, कुणाला भेटलात, आणि दरवेळी तोंडी सांगताना निम्मं राहूनच जातं.

गाव मराठवाड्यातलं आहे. नाव लिहीत नाही, तालुक्याचंही नाही. ज्यांनी मदत केली त्यातले बरेच जण कंत्राटी आहेत, त्यांना त्रास व्हायला नको.

सुरुवात आत्याबाईंपासून करते, म्हणजे माझ्या सासूबाई. सप्टेंबर २०२२ मध्ये आशाताई घरोघरी तीस वर्षांवरच्या लोकांचा फॉर्म भरत फिरत होत्या, तंबाखू खाता का, घरात कुणाला शुगर आहे का, कंबरेचा घेर किती, असले प्रश्न. आत्याबाईंचं बीपी तेव्हा पहिल्यांदा मोजलं गेलं, आयुष्यात पहिल्यांदा, वय ६१. १८० च्या वर निघालं. आशाताई म्हणाल्या उद्याच्या उद्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, घेऊन जा. गेलो, तिथं शुगर पण निघाली. डॉक्टरांनी बीपीची अॅम्लोडिपिन आणि शुगरची मेटफॉर्मिन चालू केली आणि सांगितलं की या गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, महिन्याला येऊन न्यायच्या, इथं फुकट मिळतील.

फुकट मिळतात हे खरं आहे. पण पीएचसी आमच्यापासून १४ किलोमीटर. आधी फाट्यापर्यंत चालत, मग काळीपिवळी, मग पुढं रिक्षा. दोघींचं जाऊन येऊन सव्वाशे-दीडशे रुपये. ओपीडी सकाळची, नंबर लावायला लवकर निघावं लागतं, परत यायला दुपारचे तीन. म्हणजे माझा रोज बुडाला, खुरपणीच्या दिवसात तो तीनशे रुपये. स्टॉक कमी असला की महिन्याच्या गोळ्या मिळत नाहीत, दहा दिवसांच्या देतात आणि म्हणतात परत या. महिन्यात तीनदा जायचं म्हणजे बाराशे-तेराशे रुपये त्या फुकटच्या गोळ्यांसाठी. आमच्यासारख्या घरात हे जमत नाही, कुणी कितीही समजावलं तरी जमत नाही.

आणि हे होत होतं तेव्हा आमच्या घरापासून सहा-सात मिनिटांवर पिवळ्या रंगाची नवीकोरी बिल्डिंग उभी होती, तिच्यावर योगाची आणि गरोदर बाईची चित्रं काढलेली, बाहेर बोर्ड, कुठल्या कुठल्या सेवा मोफत मिळतील त्याची यादी. आत्याबाईंना वाचता येत नाही. एकदा त्यांनी मला तो बोर्ड वाचून दाखवायला लावला, मी वाचला, रक्तदाब मधुमेह तपासणी व औषधे, तर त्या म्हणाल्या मग कुलूप का हाय. मला उत्तर देता आलं नाही.

ही योजना काय होती ते थोडं सांगते, मला पण हे नंतरच कळलं. २०१८ च्या बजेटमध्ये केंद्र सरकारनं आयुष्मान भारत जाहीर केलं, त्यात दोन भाग होते. पाच लाखांच्या विम्याचा भाग सगळ्यांना माहितीय, कार्ड काढायला रांगा लागल्या होत्या. दुसरा भाग म्हणजे देशातली दीड लाख उपकेंद्रं आणि पीएचसी सुधारून तिथं बीपी, शुगर, तोंडाच्या-स्तनाच्या कॅन्सरची तपासणी, डोळे, कान, म्हातारपणची दुखणी, सगळं प्राथमिक गावातच बघायचं, आणि हे डिसेंबर २०२२ पर्यंत करायचं. पहिलं केंद्र १४ एप्रिल २०१८ ला छत्तीसगडमध्ये बिजापूर जिल्ह्यात जांगला गावी सुरू झालं. तेव्हा नाव होतं हेल्थ अँड वेलनेस सेंटर, २०२३ च्या शेवटी ते बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर केलं. आमच्या बिल्डिंगवरचं नाव पण बदललं. माणूस येऊन शिडी लावून नवं नाव लिहून गेला, कुलूप तसंच. त्या दिवशी मला खरंच खूप वाईट वाटलं होतं.

जुनं उपकेंद्र नव्हतंच असं नाही. ग्रामपंचायतीच्या मागं एक खोली होती, तिथं नर्सताई आठवड्यातून एकदा लसीकरणाला यायच्या, गरोदर बायांचं वजन-बीपी बघायच्या. लहान मुलांचं सगळं त्यांनी नीट केलं, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्या एकट्या आणि त्यांच्याकडं चार गावं, दोन तांडे. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असा नियम आहे, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजाराला. आमचा आकडा २०११ च्या जनगणनेचा धरलाय, २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं कागदावर आम्ही अजून तेवढेच आहोत, मधे तांडे किती वाढले ते कुठं धरलेलंच नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारनं आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले, केसपेपरचे पैसे पण बंद. चांगला निर्णय आहे, मनापासून चांगला आहे, जिल्ह्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी एक्सरेला पैसे लागायचे ते वाचले लोकांचे. पण आमचा खर्च केसपेपरचा कधी नव्हताच, आमचा खर्च रस्त्याचा होता आणि बुडालेल्या रोजाचा होता. तो कमी होणार होता फक्त ते कुलूप उघडून.

त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एनएचएमच्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या, कंत्राटी लोकांचा संप झाला. त्यांच्या मागण्या योग्यच होत्या, वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करतात. पण त्या काळात आमची एक फेरी वाया गेली, पुढच्या फेरीला गोळ्या दहाच दिवसांच्या मिळाल्या. मग कापूस वेचणी चालू झाली आणि मी आत्याबाईंना विचारायची, गोळ्या आहेत ना, त्या म्हणायच्या आहेत की, पुरतील. आणि खरंच डब्यात गोळ्या असायच्या.

जानेवारी २०२४, संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी चूल पेटवताना त्यांच्या हातातून फुंकणी पडली. मी बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात उचलेना, बोलायला गेल्या तर शब्द नीट येईना. १०८ ला फोन लावला, गाडी पाऊण तासात आली, ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. बारा दिवस राहिलो तिथं. जीव वाचला, बोलणं हळूहळू परत आलं, हात अजून अर्धाच चालतो.

तिथल्या डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, गोळ्या बंद केल्या होत्या का. मी म्हणाले नाही हो, रोज घेतात, डब्यात आहेत अजून. त्यांनी तारखा विचारल्या, कधी आणल्या, किती आणल्या, आणि तिथंच हिशोब केला, दहा गोळ्या आणून सव्वीस दिवस झाले होते आणि डब्यात अजून दोन शिल्लक होत्या. म्हणजे आठ गोळ्या सव्वीस दिवसांत. आत्याबाई साधारण तीन दिवसांतून एक घेत होत्या. नंतर बोलता यायला लागल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, तुझा रोज बुडतोय गं सारखा माझ्यापायी, म्हणून जरा पुरवून पुरवून खाल्ल्या.

मी खूप रडले त्या रात्री, दवाखान्याच्या व्हरांड्यात. आणि मग ठरवलं की ती बिल्डिंग उघडल्याशिवाय सोडायचं नाही.

मी बीए झालेली आहे, बचत गटाचं लिहिणं मीच करते, त्यामुळं अर्ज लिहायची भीती नव्हती. कुठं द्यायचा ते मात्र माहिती नव्हतं. पहिलं पाऊल ग्रामसभा. २६ जानेवारीची ग्रामसभा होती, आत्याबाई अजून दवाखान्यात होत्या, मी नवऱ्याला तिथं बसवून सकाळच्या एसटीनं गावी आले. गटातल्या अकरा बायका बरोबर घेतल्या. विषयपत्रिकेत आमचा विषय नव्हता, ऐनवेळच्या विषयात घ्या म्हणलं. सरपंच म्हणाले वहिनी, मी दोन वर्षं तोंडी सांगतोय पंचायत समितीत. मी म्हणाले भाऊ तोंडी नको, ठराव करा, आणि त्यात तारीख टाका की इतक्या तारखेपर्यंत उपकेंद्र चालू करावं. ठराव झाला. त्याची सही-शिक्क्याची नक्कल मी लगेच मागून घेतली, हे महत्त्वाचं आहे, नक्कल हातात नसली की ठराव रजिस्टरमध्येच राहतो.

फेब्रुवारीत ठरावाची नक्कल आणि अर्ज घेऊन तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात गेले. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या वेळी भेटले, नीट बोलले, म्हणाले ताई बिल्डिंग अजून आमच्या ताब्यात नाही, बांधकाम विभागानं हस्तांतर केलेलं नाही, ते करतील तेव्हा आम्ही लगेच चालू करू. मी अर्जाची पोच मागितली. क्लार्क म्हणाले ठेवून जा, बघतो. मी तिथंच बसून राहिले, अर्ध्या तासानं शिक्का मारून मिळाली. तेव्हापासून एक नियम केला, पोच घेतल्याशिवाय कुठलंच ऑफिस सोडायचं नाही, आणि घरी आलं की वहीत तारीख, कोण भेटलं, काय म्हणाले ते लिहायचं. ती वही पुढं फार कामाला आली.

मग बांधकामच्या उपविभागात. तिथले इंजिनिअर म्हणाले आमचं काम दोन वर्षांपूर्वीच संपलंय, ताबा आरोग्यवाले घेत नाहीत. का घेत नाहीत, तर लाईट नाही म्हणून. मग लाईट का नाही, तर मीटरचा अर्ज ज्याची बिल्डिंग आहे त्यानं करायचा असतो, आमच्याकडं फक्त आतलं वायरिंग. परत तालुक्याला आले, ते म्हणाले ताब्यात नसलेल्या बिल्डिंगसाठी आम्ही मीटरचा अर्ज कसा करणार. मी दोन्हीकडं दोन-दोनदा गेले, दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती, प्रत्येकाकडं आपापलं पत्र होतं जे त्यानं दुसऱ्याला पाठवलेलं होतं. पण मीटरसाठी फॉर्म भरणं हे एक काम, आणि ते ना याच्या टेबलावर होतं ना त्याच्या. त्या एका फॉर्मसाठी पाच हजार माणसं थांबली होती आणि माझ्या सासूचा हात गेला होता.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. त्यानंतर जून उजाडेपर्यंत कुठंही गेलं की एकच, ताई आचारसंहिता आहे. मला आता वाटतं की तेव्हा मी विचारायला हवं होतं की मीटर बसवायला आचारसंहितेत मनाई कुठं आहे, दाखवा. उद्घाटनाला अडचण असेल, आधीच सुरू झालेल्या कामाला नसते. पण मला तेव्हा माहिती नव्हतं आणि मी गप परत आले, तीन महिने गेले.

त्याच दरम्यान, मे महिन्यात, आत्याबाईंना पीएचसीला नेलं होतं तेव्हा एक गोष्ट कळली जिनं मला पुरतं हलवून सोडलं. तिथं एक तरुण मॅडम बीपी बघत होत्या, बीएएमएस झालेल्या, खूप आपुलकीनं बोलल्या, आत्याबाईंचा हात हलवून व्यायाम दाखवला. गावाचं नाव विचारलं, मी सांगितलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ताई माझी ऑर्डर तुमच्याच गावची आहे. सीएचओ म्हणतात त्यांना, समुदाय आरोग्य अधिकारी, सहा महिन्यांचा वेगळा कोर्स करून उपकेंद्रात नेमतात. २०२१ पासून त्या आमच्या गावच्या नावावर होत्या. बसायला जागा नाही म्हणून पीएचसीत बसवलेलं. रोजचं ऑनलाईन काम पण आमच्या उपकेंद्राच्या नावानं भरायच्या. म्हणजे वर ज्यांना दिसत होतं त्यांना आमचं उपकेंद्र चालूच दिसत होतं.

त्यांना दोष द्यायला हे लिहीत नाहीये. सीएचओंना तेव्हा महिन्याला २५ हजार पक्के आणि वरचे १५ हजारांपर्यंत कामाच्या मोजमापावर मिळायचे, गावात बसायला जागाच नाही तर ते मोजमाप कुठून पूर्ण होणार, त्यांचं पण नुकसान होतच होतं. त्यांनीच मला सांगितलं की ताई तुम्ही माहिती अधिकारात विचारा, आम्हाला विचारता येत नाही.

जुलैमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज केला. कुणाला करायचा असेल तर सांगते. साधा कागद चालतो, ठरलेला नमुना आहे तो वापरला तर बरं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर त्याची झेरॉक्स जोडली की स्टॅम्प लागत नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत लिहायचं. मी पहिल्या कच्च्या अर्जात रागानं सगळंच लिहिलं होतं, आत्याबाईंचं पण. तालुक्याला एक निवृत्त मास्तर लोकांना अर्ज लिहायला मदत करतात, त्यांनी ते सगळं काढायला लावलं. म्हणाले पोरी, इथं का असं विचारायचं नाही, कागद मागायचा. उपकेंद्र का चालू नाही असं विचारलं तर ते काहीही लिहितील किंवा म्हणतील ही माहिती नाही, हे मत आहे. तर तू असं माग, इमारत पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत, ताबा पावतीची प्रत, ताब्याबद्दल दोन्ही विभागांत झालेल्या सगळ्या पत्रांच्या प्रती, वीजजोडणीच्या अर्जाची प्रत, या उपकेंद्राला मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि नेमलेला कर्मचारी सध्या कुठं काम करतो त्याच्या आदेशाची प्रत. एवढंच. मी तसाच लिहिला.

तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मधे एक पत्र आलं की बांधकामाचा भाग कलम ६(३) खाली त्या विभागाकडं पाठवलाय, म्हणजे ज्याच्याकडं माहिती आहे त्याच्याकडं अर्ज वर्ग करतात, पाच दिवसांत करायचा असतो, आमचा वर्ग व्हायला २२ दिवस लागले. तीस दिवस झाले, उत्तर नाही. चाळीस झाले. मग पहिलं अपील केलं, वीस रुपयांचा स्टॅम्प. अपील केल्यावर आठवड्यात पाकीट आलं, १७ पानं.

ती १७ पानं मी जेवण बाजूला ठेवून वाचली. एप्रिल २०२२ चं बांधकामचं पत्र, इमारत ताब्यात घ्यावी. जून २०२२ चं आरोग्यचं उत्तर, वीज व पाण्याची सोय झाल्यावर घेऊ. मग एकदम फेब्रुवारी २०२३, त्याच मजकुराचं स्मरणपत्र. ऑगस्ट २०२३, पुन्हा तेच. नंतरची दोन पत्रं माझ्या अर्जाच्या तारखेनंतरची. म्हणजे दोन वर्षांत चार पत्रं आणि वीजजोडणीचा अर्ज या रकान्यात लिहिलेलं, माहिती निरंक. निरंक म्हणजे कुणी केलाच नव्हता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अपिलाची सुनावणी जिल्ह्याला. मी, नवरा आणि गटातल्या दोघीजणी गेलो. सुनावणी घेणारे साहेब मोठ्या हुद्द्याचे होते. मी ती पत्रं तारखेच्या क्रमानं लावून नेली होती आणि वहीतल्या नोंदी पण. मी जास्त बोलले नाही, फक्त म्हणाले साहेब, माहिती मिळाली, अपिलाचं माझं काही म्हणणं नाही, पण ह्या निरंकचं काय करायचं ते सांगा. त्यांनी पत्रं वाचली, बराच वेळ वाचली. मग समोरच बांधकामला फोन लावला आणि विचारलं की अर्ज तुम्ही करता का आम्ही करू. पाच मिनिटांच्या फोनवर ठरलं की अर्ज पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावानं करायचा, बांधकामनं वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट द्यायचा, ताबा पावती त्याच दिवशी करायची. ते पाच मिनिटांचं बोलणं २०२२ मध्ये झालं असतं तर. हा विचार मी अजून मनातून काढू शकलेली नाही.

माहिती अधिकारानं काम होत नाही, फक्त कागद मिळतो, हे लोक म्हणतात ते बरोबर आहे, पण कागद नसता तर तो फोन झाला नसता हे पण तितकंच खरं.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. या वेळी मी गप बसले नाही. कुठला नियम ते लेखी द्या म्हणाले. कुणी दिलं नाही, आणि ताबा पावती दिवाळीआधी झाली. वीज कंपनीचं कोटेशन निघालं तर ते कुणी भरायचं यावर पुन्हा अडलं, आरोग्यकडं त्या हेडखाली पैसे नाहीत. तेव्हा सरपंच भाऊंनी पुढं होऊन मासिक सभेत विषय घेतला आणि ग्रामपंचायतीनं भरले, हे त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. नळाचं कनेक्शन तर ग्रामपंचायतीच्याच हातात होतं, ते एका दिवसात झालं. मीटर डिसेंबरच्या शेवटी बसलं.

आता उघडेल म्हणून मी रोज बघायची. पंखे लागले, टेबल आलं, तपासायची कॉट आली, फ्रिज आला. जानेवारी गेला. कळलं की उद्घाटनासाठी पाहुण्यांची तारीख मिळत नाहीये. साडेतीन आठवडे. त्या साडेतीन आठवड्यांत तांड्यावरची एक बाई सहाव्या महिन्यात पाय सुजलेले घेऊन १४ किलोमीटर गेली, मीच तिच्यासोबत होते, बीपी १६० होतं. परत आल्यावर सरळ आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला, आणि जे मनात होतं ते सगळं बोलले, आवाज चढला माझा. चार दिवसांनी कुलूप निघालं. कार्यक्रम नंतर कधीतरी करू असं ठरलं. त्या सकाळी मॅडम आल्या, नर्सताई आल्या, आशाताईंनी दारात पाणी शिंपडलं, आणि पहिला केसपेपर त्याच तांड्यावरच्या बाईचा झाला.

आता काय चालतं ते सांगते. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, मलेरियाची. नियमाप्रमाणं उपकेंद्रात १४ तपासण्या व्हायला पाहिजेत, आमच्याकडं नऊ होतात, बाकीच्या पाचचं किट आलेलं नाही असं सांगतात. ई-संजीवनीवर आठवड्यातून दोन दिवस मॅडम मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल लावून देतात, नेट असेल तर. एप्रिलमध्ये शुगरच्या पट्ट्या संपल्या, १९ दिवस नव्हत्या, मी वहीत तारीख लिहून ठेवलीय आणि विसाव्या दिवशी अर्ज घेऊन निघणार होते, त्याच दिवशी आल्या. नर्सताई अजून एकट्याच आहेत. १७ पानांतल्या मंजूर पदांच्या यादीत दुसरी एएनएम, म्हणजे दुसरी नर्स, आहे, भरलेल्यात नाही. त्याचा अर्ज मी जूनमध्ये दिलाय, पोच आहे, उत्तर आलेलं नाही, पुढच्या आठवड्यात स्मरणपत्र देणार आहे. बाळंतपणाच्या खोलीत टेबल आहे पण गरम पाण्याची सोय नाही, त्याचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्यायला लावायचा आहे.

शेजारच्या गावात पण अशीच बंद बिल्डिंग आहे, तिथल्या गटाच्या बायका गेल्या रविवारी घरी येऊन गेल्या. त्यांना माझ्या अर्जाची कच्ची प्रत दिली, मास्तरांचा पत्ता दिला, आणि सांगितलं की आधी वीजजोडणीच्या अर्जाची प्रत मागा, बाकी नंतर. त्यांची बिल्डिंग पाण्यासाठी अडलीय असं त्यांना वाटतं. मला वाटत नाही, पण कागद आल्यावर कळेल.

आत्याबाई आता काठी घेऊन एकट्या जातात उपकेंद्रात. सहा-सात मिनिटांचं अंतर त्यांना वीस मिनिटं लागतं, वाटेत दोनदा बसतात. मागच्या मंगळवारी बीपी १३८/८४ आलं. गोळ्या पूर्ण महिन्याच्या मिळाल्या, तीस. घरी आल्यावर त्यांनी चटईवर पालथ्या घालून एका हातानं मोजल्या, मग मला बोलावून परत मोजायला लावल्या, आणि डब्यात भरून डबा माझ्याच हातात दिला.